पेचकस घ्यायचा तर असा घ्या

पेचकस कुणाला माहीत नाही? दाराची कडी ढिली झाली, शिलाई मशीनचं पातं बदलायचं आहे, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर उघडायचा आहे, फवारणीचा पंप चोंदला आहे. सगळीकडे पेचकस लागतो. कुणी त्याला स्क्रूड्रायव्हर म्हणतात. गुजरातकडे डिसमिस म्हणतात. नाव काही असो, हत्यार तेच.

घरात पेचकस नसला की आपण काय करतो? स्वयंपाकघरातली सुरी घेतो. सुरीचं टोक मोडतं. स्क्रूची खाच झिजून गुळगुळीत होते. कधी सुरी घसरते आणि बोट कापतं. मग घरधनी म्हणतो, "आता एक सेटच आणून टाकतो." तो पुण्याला जातो. रस्त्याकडेला एका हातगाडीवर बत्तीस नगांचा चकचकीत डबा दिसतो. किंमतही थोडी. डबा घरी येतो. पहिल्याच घट्ट स्क्रूला पेचकसाचं टोक वाकतं, नाहीतर मुठीतला गज जागच्या जागी फिरू लागतो. डबा माळ्यावर जातो आणि सुरी पुन्हा बाहेर निघते.

पेचकस म्हणजे काही बैलजोडी नव्हे. खरेदी लहान आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. पण तुमच्यापैकी काही जण मोटरी दुरुस्त करतात, काही वायरिंगची कामं घेतात, काही सुतारकाम करतात. त्यांचा हात दिवसभर याच मुठीवर असतो. तळहात सोलला की दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते. आणि जिथं वीज आहे, तिथं तर गोष्ट मजुरीवर थांबत नाही. म्हणून पेचकस कसा पारखायचा ते आज पाहू.

पेचकसाचे भाग तीन. पुढचं टोक, मधला गज आणि मागची मूठ.

आधी टोक बघू. टोकं मुख्यतः दोन तऱ्हेची. एक चपटं. ते स्क्रूच्या सरळ खाचेत बसतं. दुसरं फुलीचं. मिस्त्री लोक त्याला 'स्टार' म्हणतात. काही जण 'मायनस' आणि 'प्लस' असंही म्हणतात. बेरीज-वजाबाकीची चिन्हं तुम्ही शिकलातच, तेव्हा हे नाव लगेच ध्यानात राहील.

चपटा स्क्रू जुना. फुलीचा त्यामानाने नवा. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली फुलीच्या स्क्रूचं पेटंट मिळालं, आणि तिथल्या मोटारगाड्यांच्या कारखान्यांनी तो उचलला. का बरं? सरळ खाचेतून टोक बाजूला सरकतं. फुलीत ते आपोआप मधोमध बसतं. यंत्राने भराभर स्क्रू पिळायचे तर हे फार सोयीचं. पण फुलीतही एक खोड आहे. जोर वाढला आणि दाब कमी पडला की टोक वर उचललं जातं आणि खाच खरवडून निघते. म्हणून फुलीचा स्क्रू सोडवताना आधी दाबायचं आणि मग पिळायचं.

टोक स्क्रूत कसं बसावं? कुलुपात किल्ली बसते तसं. चपट्या पेचकसाचं टोक खाचेइतकंच रुंद हवं. कमी रुंद असेल तर सगळा जोर खाचेच्या मध्यावर येतो, आणि खाच तिथं फाटते. जास्त रुंद असेल तर बाजूचं लाकूड ओरखडतं. जाडीसुद्धा खाच भरून काढील अशी हवी. टोक खाचेत ठेवा आणि आडवं डोकावून पाहा. दोन्ही बाजूंनी उजेड दिसला तर तो पेचकस त्या स्क्रूचा नव्हे. हलक्या पेचकसाचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. पिळायला लागलं की पाचर वर सरकते. चांगल्याचं टोक शेवटाकडे जवळजवळ सरळ असतं. हा फरक डोळ्यांना दिसतो. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघा.

फुलीच्या टोकाला नंबर असतात. ०, १, २, ३. घरातले बहुतेक स्क्रू २ नंबरचे. विजेच्या बटणांचे आणि लहान यंत्रांचे १ नंबरचे. रेडिओ, बॅटरी यांचे त्याहून बारीक. १ नंबरचा पेचकस २ नंबरच्या स्क्रूत जातो, फिरतोही, म्हणून माणूस फसतो. स्क्रू घट्ट असला की तोच पेचकस आतल्या आत गिरकी घेतो आणि फुलीची वाटी करून टाकतो. एकदा वाटी झाली की तो स्क्रू ड्रिलने भोक पाडूनच काढावा लागतो.

मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. १९८० नंतर आपल्या देशात जपानी कंपन्यांच्या भागीदारीत मोटारसायकली बनू लागल्या. पुण्याच्या बजाजनेही जपानच्या कावासाकीशी हात मिळवला होता. जपानी घडणीचा फुलीचा स्क्रू दिसायला फिलिप्ससारखाच, पण त्याची फुली थोडी निराळी असते. पुष्कळदा अशा स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं. नेहमीचा स्टार त्यात पुरता बसत नाही. जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरचे स्क्रू चावल्यासारखे दिसतात, त्याचं एक कारण हेच. ज्याचं गाड्यांचंच काम आहे त्याने त्या घडणीचा एक पेचकस वेगळा मागून घ्यावा.

आता मुठीकडे वळू. आमच्या मते सगळ्यात जास्त चूक इथं होते. लोक टोक पाहतात, गजाची चकाकी पाहतात, डबा पाहतात. मूठ हातात धरून कुणी पाहत नाही.

घरातलं जातं आठवा. जात्याचा खुंटा कुठं ठोकलेला असतो? कडेला. तोच खुंटा मध्याजवळ ठोकला असता तर? दळणारीच्या खांद्याचा चुरा झाला असता. खुंटा मध्यापासून जितका लांब, तितकं फिरवणं हलकं. पेचकसाच्या मुठीचंही तसंच आहे. मूठ जाड असेल तर आपली बोटं मध्यापासून लांब राहतात आणि तेवढ्याच जोरात स्क्रू जास्त पिळला जातो. मूठ बारीक असेल तर हात दुखतो आणि स्क्रू हलत नाही. हाताने धरण्याचा जोर तोच ठेवला, तर दुप्पट जाडीची मूठ दुप्पट पीळ देते.

पुष्कळांना वाटतं की लांब पेचकसाला जोर जास्त. आम्ही चांगल्या अनुभवी मिस्त्र्यांच्या तोंडूनही हे ऐकलं आहे. पण ते खरं नाही. गज वीतभर असो की हातभर असो, पीळ तेवढाच. मग लांब पेचकसाने स्क्रू निघतो तो कसा? लांब पेचकसाची मूठही बहुधा जाड असते, म्हणून. श्रेय मिळतं गजाला, काम करते मूठ. लांब गजाचा उपयोग खोल जागेसाठी. अडचणीच्या जागी उलट बुटका पेचकस बरा.

मूठ किती जाड असावी? दुसऱ्याच्या हाताचं माप आपल्या कामाचं नाही. मूठ आपल्या हातात घ्या. बोटं भोवती वळवा. अंगठ्याचं टोक पहिल्या बोटाच्या टोकाला जेमतेम टेकलं, तर मूठ तुमच्या हाताची. मोठ्या पेचकसाची मूठ साधारण ३० ते ४० मिलिमीटर जाड असते, म्हणजे तीन ते चार सेंटिमीटर. बायकांचा हात लहान असतो, तेव्हा शिलाई मशीनसाठी पेचकस घ्यायचा तर ताईंनी स्वतः दुकानात जावं. मालकाच्या हाताने मापून आणलेला पेचकस मालकच वापरणार! बारीक स्क्रूंचं मात्र उलट आहे. तिथं जाड मूठ नको. जोर जास्त लागला की बारीक स्क्रूचं डोकंच तुटतं.

मुठीचं मागचं टोक गोल हवं. तिथंच तळहात दाबला जातो. टोक चपटं, कडा धारदार असेल तर तासाभरात फोड येतो. अंगावरचे कंगोरे गोलसर हवेत. कंगोरे फार टोकदार असले तर बोटात रुततात, अजिबात नसले तर तेलकट हातातून मूठ घसरते. पारदर्शक, कडक प्लॅस्टिकची मूठ वर्षानुवर्षं टिकते. फक्त ती थिनरने पुसू नका. थिनरने ती विरघळते. रबराचं मऊ आवरण हाताला सुखाचं वाटतं, पण तेल आणि ऊन लागून काही वर्षांनी ते चिकट होतं. लाकडी मूठ हाताला छान, तरी उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि गज ढिला होतो.

मूठ हाताला सुखाची करावी हा विचार मोठमोठ्या कारखान्यांतही झालेला आहे. १९८० नंतर स्वीडन देशातल्या बाको कंपनीने कामगार पेचकस कसा धरतात ते पाहून, त्याप्रमाणे मुठी घडवल्या. आपल्याकडेही नाशिकच्या टपारिया कंपनीने हातहत्यारांचा कारखाना काढला तेव्हा सुरुवातीला स्वीडनच्याच एका कंपनीचं तांत्रिक साहाय्य घेतलं होतं. आम्ही कुणाची जाहिरात करीत नाही. महाराष्ट्रातच बनलेलं चांगलं हत्यार मिळतं, एवढं सांगायचं आहे.

गजाबद्दल थोडं. लोहार विळ्याला, कुऱ्हाडीला पाणी देतो हे तुम्ही पाहिलं आहे. तापवून पाण्यात बुडवलं की पोलाद कडक होतं. फार कडक झालं तर ते काचेसारखं फुटतं. म्हणून लोहार ते पुन्हा बेताने तापवतो. पेचकसाच्या टोकाचंही तसंच. पाणी कमी पडलं तर टोक पिळून जातं, जास्त झालं तर टवका उडतो. चांगले गज क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचे असतात आणि तसं गजावर कोरलेलं असतं. मोठ्या पेचकसाचा गज चौकोनी असेल, किंवा मुठीजवळ त्याला षटकोनी बांगडी असेल, तर उत्तम. हट्टी स्क्रूला तिथं पाना लावून पिळता येतं.

आता विजेचं. हा भाग दोनदा वाचा.

घरात सुमारे २३० व्होल्टची वीज येते. शेतातल्या तीन फेजच्या मोटरला सुमारे ४१५ व्होल्ट. मूठ प्लॅस्टिकची आहे एवढ्यावर विसंबू नका. गज उघडा असतो. एक बोट पुढे सरकलं की गजाला लागतं. विजेच्या कामाचा खास पेचकस मिळतो. त्याच्या गजावर टोकापर्यंत आवरण असतं. त्याच्यावर एकात एक गुंतलेले दोन त्रिकोण आणि १००० हा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ, तो १००० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी तपासलेला आहे. आवरणाला चीर पडली की तो विजेच्या कामातून बाद. वर चिकटपट्टी गुंडाळून चालत नाही.

पण असा पेचकस हातात असला तरी आधी वीज बंद करायची. नुसता स्विच पाडून भागत नाही. फ्यूज काढून खिशात ठेवा. शेतावर दुसरं कुणी येऊन नकळत स्विच ओढतं, आणि स्टार्टरवर ओणवा झालेला माणूस दगावतो.

टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं समजू नका. दिवा बिघडलेला असू शकतो. भर उन्हात तो लागलेला दिसतही नाही. चालू असलेल्या सॉकेटवर टेस्टर आधी तपासा आणि मग कामाच्या जागी लावा. आणि टेस्टर म्हणजे पेचकस नव्हे. त्याने घट्ट स्क्रू पिळू नका.

इतकं कळलं, आता बाजारात चला. स्वारगेटला एसटीतून उतरलं की मंडई फार लांब नाही. तिथून पुढे रविवार पेठेत बोहरी आळी आहे. लोखंडी सामान, हत्यारं, खिळे-स्क्रू यांची दुकानं तिथं ओळीने आहेत. विजेच्या सामानासाठी बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. घाईने पहिल्याच दुकानात शिरू नका. दोन-तीन ठिकाणी हातात घेऊन बघा.

दुकानदार म्हणेल, "पाहुणे, हा घ्या. बत्तीस नग आहेत."

तुम्ही म्हणा, "शेठ, बत्तीस नकोत. सुटे दाखवा. डब्यातून काढून हातात द्या."

भला दुकानदार देतो. जो डबा उघडू देत नाही, त्याला रामराम करून पुढे व्हा. पेचकस हातात आला की काउंटरच्या काचेवर आडवा ठेवून लोळवा. गज वाकडा असेल तर टोक थरथरतं. मग मूठ एका हातात, गज दुसऱ्या हातात धरून पिळून पाहा. मुठीत गज जराही हलता कामा नये. घरून येताना खिशात आपल्या कामाचे दोन-तीन स्क्रू घेऊन या आणि टोक त्यांत बसवून बघा. लाजायचं कारण नाही. चप्पल आपण पायात घालूनच घेतो ना?

मग वाचा. होय, पेचकस वाचायचा असतो. मुठीवर किंवा गजावर ६ × १५० असं काही असतं. पहिला आकडा टोकाची रुंदी, दुसरा गजाची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. फुलीच्या पेचकसावर 'पी-एच' ही इंग्रजी अक्षरं आणि पुढे नंबर असतो. आकडे इंग्रजी असतात, पण नोटेवर, एसटीच्या तिकिटावर ते तुम्ही रोज बघता. आपल्या देशाचं पेचकसांसाठी मानकही आहे, त्याचा क्रमांक ८४४. मालावर आयएसआयचा छाप असेल तर चांगलंच.

कंपनीचं नाव अक्षर अक्षर लावून वाचा. बाजारात नकली माल असतो. डब्याचा रंग तोच, चित्र तेच, नावात एखादंच अक्षर इकडचं तिकडे. ज्याला वाचता येत नाही तो चित्र पाहून घेतो. तुम्ही तसं करू नका. इंग्रजी अक्षरं येत नसतील तर असली नाव कागदावर लिहून न्या आणि अक्षराखाली अक्षर ठेवून ताडून बघा. पावती मागा, आणि पावतीवर काय लिहिलं आहे तेही तिथंच वाचा.

घ्यायचे किती? शेतकऱ्याच्या घराला आम्ही पाचच सांगू. विजेच्या जोडांसाठी ३ मिलिमीटर टोकाचा बारीक चपटा. नेहमीच्या कामाला ६ मिलिमीटरचा चपटा. फुलीचे १ नंबर आणि २ नंबर. आणि २ नंबरचाच, पण बुटका असा एक. वर एक टेस्टर. विजेचं काम स्वतः करणार असाल तर यांतले दोन तरी आवरणाचे घ्या. पैसे एकदम नसतील तर २ नंबरचा फुलीचा आणि ६ मिलिमीटरचा चपटा आधी घ्या, बाकीचे पुढच्या खेपेला. एकाच मुठीत टोकं बदलून लावायचा सेटही मिळतो. घरगुती कामाला तो ठीक आहे. रोजच्या धंद्याला नाही, कारण टोक बसतं ती जागा झिजत जाते आणि बारीक टोकं हरवतात.

हात आखडता असेल तर जुना बाजार आहे. मंगळवार पेठेकडे, कुंभारवेशीजवळ, बुधवारी आणि रविवारी तो भरतो. कारखान्यात वापरलेली चांगली हत्यारं तिथं कधी कधी मातीमोलाने मिळतात. नव्या हलक्या पेचकसापेक्षा जुना चांगला पेचकस केव्हाही बरा, असं आमचं मत आहे. मात्र मुठीच्या मागे हातोडीचे घाव आणि मुठीला चीर असेल तर तो सोडून द्या. कुणीतरी त्याची छिन्नी केलेली असते.

आपणही तेच करतो, नाही का? पेचकसाने डबा उघडतो, खिळा उचकटतो, वर हातोडी मारतो. त्याने टोक वाकतं. आणि एक वाईट सवय सगळ्यांनाच असते. लहान वस्तू डाव्या तळहातावर धरायची आणि उजव्या हाताने पेचकस दाबायचा. टोक घसरलं की थेट तळहातात घुसतं. वस्तू पाटावर ठेवा, शेगड्यात धरा, नाहीतर दुसऱ्या कुणाला धरायला सांगू नकाच, कारण मग टोक त्याच्या हातात जाईल. स्क्रू गंजला असेल तर रॉकेलचे किंवा तेलाचे दोन थेंब टाका आणि जेवून या. तेल आत मुरायला वेळ लागतो.

काम झालं की गज तेलाच्या फडक्याने पुसून ठेवावा. चपटं टोक झिजून गोल झालं तर ते पुन्हा सरळ करता येतं. कानशीने घासा, किंवा धार लावणाऱ्याच्या चाकावर न्या. पण त्याला सांगा, "दादा, धार नको, टोक सपाट करून द्या. आणि मधून मधून पाण्यात बुडवत चला." चाकावर तापून टोक निळं पडलं तर त्याचं पाणी उतरलं म्हणून समजा. मग ते मऊ झालेलं असतं. तेवढा निळा भाग थंड करत करत पुरता घासून काढावा लागतो, आणि पेचकस बोटाच्या नखाएवढा आखूड होतो.